निरोगी रक्तातील पेशीसंख्या आणि आनुवंशिकता

रक्ततपासणीच्या अहवालात प्रत्येक आकड्यापुढे ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. ही मर्यादा निसर्गाने आखून दिलेली नाही. विशिष्ट लोकसमूहातील निरोगी व्यक्तींच्या मोजणीतून काढलेली ती सांख्यिकीय पट्टी होय. समूह बदलल्यास पट्टीही बदलू शकते. त्याचे एक कारण आनुवंशिक आहे.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जीवाणूंचा पहिला प्रतिकार करतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या १,५०० पेक्षा कमी असल्यास सामान्यतः ‘न्यूट्रोपेनिया’ असे निदान होते. परंतु आफ्रिकी वंशाच्या अनेक व्यक्तींमध्ये ही संख्या कायमच कमी असते आणि तरीही त्यांना जंतुसंसर्गाचा धोका अधिक नसतो. आई व वडील या दोघांकडून आलेला, डीएनएतील एकाच अक्षराचा बदल याच्या मुळाशी असल्याचे २००८-०९ मधील संशोधनाने दाखविले. या बदलामुळे तांबड्या पेशींवर ‘डफी’ प्रथिन तयार होत नाही आणि व्हायवॅक्स मलेरियाच्या परजीवीला पेशीत शिरण्याचे मुख्य दारच बंद होते. मलेरियापासून संरक्षण देणारा हा गुण प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र दोष ठरतो!

या दोषारोपाची किंमत रुग्णांनी मोजली आहे. स्किझोफ्रेनियावरील क्लोझापिन हे औषध न्यूट्रोफिल घटल्यास थांबवावे लागते. अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा व्यक्तींसाठी खालची मर्यादा मान्य केली ती २०१५ मध्ये.

इतर प्रतिकारपेशींवरही जनुकांचा प्रभाव आहे. इटलीतील सार्डिनिया बेटावरील १,६२९ रहिवाशांच्या ९५ प्रकारच्या पेशी मोजून २०१३ मध्ये जनुकसंचातील १३ ठिकाणे निश्चित करण्यात आली. तथापि, २०१५ च्या २१० जुळ्यांच्या अभ्यासात २०४ पैकी सुमारे ७७ टक्के मोजमापांवर आनुवंशिकतेपेक्षा इतर घटकांचा, विशेषतः पूर्वीच्या विषाणुसंसर्गाचा, वरचष्मा आढळला. येथे विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. आनुवंशिकतेची टक्केवारी समूहातील फरकांविषयी असते. एका व्यक्तीच्या पेशींपैकी इतक्या जनुकांमुळे, असा तिचा अर्थ नाही.

डफीचा हा बदल भारतात विरळ आहे. त्यामुळे आफ्रिकी समूहांसाठीची मर्यादा आपल्याला उसनी घेता येणार नाही, आणि युरोपीय मर्यादा जुळेलच असेही गृहीत धरता येत नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. परंतु जनुकक्रमावरून पेशींची संख्या थेट वाचता येत नाही. त्यासाठी विविध लोकसमूहांतील निरोगी व्यक्तींचे रक्त प्रत्यक्ष मोजून दोन्ही नोंदी जोडाव्या लागतात.