खळ दिलेली घोंगडी

नगरहून करंजी घाट ओलांडला की पाथर्डीच्या वाटेवर तिसगाव लागतं. जवळच कानिफनाथांची मढी. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे अठरापगड भटक्या जाती जमतात, गाढवांचा बाजार भरतो. पाऊस बेताचा, माळरान उघडं. म्हणजे मुलूख मेंढरांचाच. धनगर घरातल्या अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीच्या वर्षात संपादकांनी सांगितलं, घोंगडीवर लिहा. सांगणं रास्त होतं. ३१ मे १७२५ ला अहिल्यादेवी जन्मल्या ते चौंडी याच जिल्ह्यातलं, आणि २०२४ पासून जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर. जयंती आली की व्यासपीठावरचा सत्कार ठरलेला असतो: पिवळा फेटा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. ती खांद्यावरची घोंगडी विणली कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही.

मेंढरं राखायची हटकरांनी आणि विणायचं खुटेकर धनगरांनी किंवा सणगरांनी, अशी ही जुनी वाटणी. दख्खनी मेंढी धुऊन वर्षातून दोनदा कातरतात. लोकर पिंजायची, मग चरख्यावर सूत काढायचं. हे सूत काढणं बहुतेक घरांत बायकांचं, आणि घोंगडीच्या कौतुकात त्यांचं नाव क्वचितच येतं. रंग द्यायची गरज नाही. काळा, करडा, पांढरा जसा मेंढीच्या अंगावर तसाच उतरतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ आणि सगळ्यांत महाग.

मला गुंतवलं ते खळीने. दख्खनी लोकर आखूड, भरड, केसाळ. तिचं सूत तसंच मागावर चढवलं तर ताण्याचे धागे पटापट तुटतात. त्यावरचा उपाय चिंचोका. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, दळून, भिजवून शिजवायचे, की चिकट खळ तयार. ताणा अंगणात ताणून बांधायचा आणि कुंच्याने खळ चोपडत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. खळ पातळ झाली तर धाग्याची कुसळं बसत नाहीत. दाट झाली तर शेजारचे धागे एकमेकांना धरून बसतात, मग वईत ते सुटे करता करता जीव मेटाकुटीला येतो. प्रमाण कुठे लिहिलेलं नाही. विणकर दोन बोटांत खळ चोळून पाहतो आणि भांड्यात पाणी घालतो, किंवा घालत नाही. आभाळ भरून आलं तर ते काम त्या दिवशी होत नाही. ताणा वाळला की मग खड्डामाग: खड्ड्यात पाय सोडायचे, पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा, फणीने ठोकायचं.

म्हणूनच नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक असते. शहरातलं गिऱ्हाईक हात लावून मागे सरतं. धनगराला मात्र ती तशीच हवी असते. पावसात तिची खोळ करून तो डोक्यावर घेतो, रात्री अंथरतो. वापरता वापरता ती मऊ होत जाते.

घोंगडी ही धनगराची ओळखच. कापड आणि ओळख यांचं असं नातं जगात आणखीही ठिकाणी आहे. पॅलेस्टाइनमधल्या अल-मजदल गावचे विणकर १९४८ नंतर विस्थापित होऊन गाझात आले आणि रेशमी पट्ट्यांचं आपलं मजदलावी कापड तिथे विणू लागले. हेब्रॉनमधला हिरबावींचा कारखाना १९६१ पासून कुफिया, म्हणजे पॅलेस्टिनी रुमाल, विणतो, तोही यंत्रमागावर. पण स्वस्त चिनी कुफियांनी बाजार भरला आणि तो बंद पडायच्या बेताला आला होता. कुफिया घालणारे वाढले, विणणारे घटले.

आपल्याकडे युद्ध नाही, तरी गत फार वेगळी नाही. पानिपतच्या गिरण्यांत जुन्या लोकरी चिंध्यांपासून काढलेल्या सुताची ब्लँकेटं निघतात. ती मऊ आणि स्वस्त. सत्काराला घाऊक माल लागला की कुणाचाही हात तिकडेच वळतो. इकडे लोकरीला इतका कमी भाव मिळतो की कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. कित्येक मेंढपाळ कातरलेली लोकर माळावरच टाकून पुढे जातात. पैसा मटणात आहे, म्हणून अंगाने थोराड पण लोकरीला उणा असा माडग्याळ जातीचा नर कळपात येतो. त्यात त्यांची काय चूक? गायरानं आक्रसली, जिथे तिथे ऊस आला, वनखात्याची हद्द आडवी आली. कळप वर्षभर टिकवणं हीच मोठी लढाई असताना विणकराला चांगली लोकर मिळावी म्हणून कोणी मेंढी पाळणार नाही. शेळी-मेंढी विकास महामंडळ १९७८ पासून आहे, आता अहिल्यादेवींचंच नाव लावून. लोकरीच्या भावाचं घोंगडं तरीही भिजतच आहे. आणि खड्ड्यात दिवसभर पाय सोडून बसायला विणकराचा मुलगा तयार नाही. मी असतो तरी बसलो नसतो.

माझ्या मते घोंगडी वाचवण्याची सुरुवात संग्रहालयातून नव्हे, मंडपातून व्हावी. पुढच्या ३१ मे ची वर्गणी गोळा करणाऱ्यांना एवढंच सांगणं: पन्नास पानिपती ब्लँकेटांऐवजी मागावरच्या पाच घोंगड्या घ्या, त्याही विणकराच्या घरी जाऊन, आणि बरंच आधी सांगून ठेवा. खळ वाळायला ऊन लागतं.