घराची ऊब, घराचा गारवा आणि घराचें मोल

घराची किंमत कशांत असते असें विचारलें, तर कोणी जागा म्हणेल, कोणी दगडविटा म्हणेल. परंतु ज्या देशांत हिवाळ्यांत नळांतलें पाणी गोठतें आणि उन्हाळ्यांत अंगाची लाही होते, तेथें घर उबदार व गार राखणारीं यंत्रेंही घराचा भागच समजलीं जातात. अमेरिकेंत असेंच आहे. महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबांचे मुलगे व मुली आज त्या देशांत घरें विकत घेत आहेत, आणि बहुधा तें घर हीच त्यांची सर्वांत मोठी ठेव असते. म्हणून या यंत्रांचें मोल तेथें कसें ठरवितात, हें जाणून घेणें विद्यार्थ्यांस बोधप्रद व पालकांस उपयोगाचें होईल.

तेथील पुष्कळ घरांत तळघरांत किंवा एखाद्या कोनाड्यांत भट्टी असते. ती गॅस, तेल अथवा वीज यांच्या योगें हवा तापविते, आणि ती ऊन हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत खेळविली जाते. उन्हाळ्यांत त्याच नळांतून थंड केलेली हवा सोडतात. यास मध्यवर्ती वातानुकूलन म्हणतात. हीट पंप नांवाचें यंत्र दोन्ही कामें करतें: हिवाळ्यांत बाहेरची उष्णता आंत आणतें आणि उन्हाळ्यांत आंतली उष्णता बाहेर टाकतें.

घर घेणाऱ्यानें बँकेकडे कर्ज मागितलें, म्हणजे बँकेच्या वतीनें एक परवानाधारक मूल्यमापक घर पाहण्यास येतो. यंत्रास किती पैसे पडले, एवढ्यावरून तो निर्णय देत नाहीं. त्या वस्तींत नुकतीं विकलीं गेलेलीं, शक्य तितकीं सारखीं अशीं घरें तो निवडतो व त्यांच्या विक्रीच्या किंमती पाहतो. समजा, तपासावयाच्या घरांत मध्यवर्ती वातानुकूलन आहे आणि तुलनेच्या घरांत तें नाहीं. तर तेथील ग्राहक त्या सोयीबद्दल जितकी रक्कम अधिक देतात, तितकी तो तुलनेच्या घराच्या किंमतींत मिळवितो. यंत्र बसविण्यास १५,००० डॉलर लागले, पण अशा घरांच्या विक्रींत फरक ८,००० डॉलरांचाच दिसला, तर तो ८,००० डॉलरच धरील. खर्च ही एक गोष्ट आणि मोल ही दुसरी. हें ज्यास कळलें, त्यास या विषयाचें मर्म कळलें.

ग्राहक किती देतील, हें पुष्कळ अंशीं हवामानावर अवलंबून असतें. आरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरांत २०२३ सालीं, ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत, सतत ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर चढत होता. अशा ठिकाणीं गार हवेची सोय असणें हें घराचें भूषण नव्हे. ती नसणें हें मात्र मोठें न्यून होय. उत्तरेकडील मिनेसोटांत भट्टीची गोष्ट अशीच. सिॲटल शहराची हकीकत याहून बोधक आहे. तेथील उन्हाळा सौम्य. म्हणून २०१९ सालींही निम्म्याहून कमी घरांत वातानुकूलन होतें. पुढें २८ जून २०२१ रोजीं पारा १०८ अंश फॅरनहाइटवर गेला, आणि ज्या यंत्राकडे लोक चैन म्हणून पाहत, त्याची गरज पुष्कळांस भासूं लागली. यंत्र तेंच, पण माणसांची गरज पालटली कीं मोलही पालटतें.

दुसरी गोष्ट यंत्राच्या अवस्थेची. भट्टी साधारणतः १५ ते २० वर्षें टिकते; वातानुकूलनाचें यंत्र १० ते १५ वर्षें. जुनी भट्टी पाहून शहाणा ग्राहक मनांतल्या मनांत नवीचा खर्च वजा करतो. उलट, चालू भट्टी घरांत असावीच अशी सर्वांची अपेक्षा असल्यामुळें, मोडकी बदलून नवी बसविली म्हणून मोल फारसें वाढत नाहीं. घटावयाचें तेवढें टळतें. फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या हमीवर कर्ज घ्यावयाचें असल्यास, राहत्या खोल्यांत निदान ५० अंश फॅरनहाइट ऊब राखण्याची कायम सोय लागते. मध्यवर्ती वातानुकूलनाची सक्ति नाहीं; पण तें असेल तर चालू पाहिजे. तथापि मूल्यमापक हा कारागीर नव्हे. तो यंत्र खोलून पाहत नाहीं. सामान्य घरांत हवेच्या नळांच्या फटींतून २० ते ३० टक्के हवा वायां जाते, तो दोष त्यास दिसेलच असें नाहीं. म्हणून घेणाऱ्यानें निराळा तपासनीस आणावा हें बरें.

यांत कुटुंबाचें काय अडतें? घराचा सौदा ३,००,००० डॉलरांस ठरला आणि मूल्यांकन २,८५,००० आलें, तर बँक लहान आंकड्यावरच कर्जाचा हिशेब करते. मग मधले १५,००० ग्राहकानें पदरचे घालावे, विकणाऱ्यानें किंमत उतरवावी, किंवा सौदा मोडावा. साध्या वस्तींत अति महागडें यंत्र बसविणाऱ्याची अशीच निराशा होते. जमिनींतील उष्णतेवर चालणाऱ्या हीट पंपासारखें साधन असलेलें दुसरें घर तेथें विकलें गेलें नसेल, तर तुलना कशाशीं करावी हा पेंच पडतो. अशा साधनांची नीट नोंद व्हावी म्हणून अप्रेझल इन्स्टिट्यूट या संस्थेनें २०११ सालीं एक निराळें पुरवणीपत्रक काढलें. घरमालकानेंही यंत्राचीं बिलें, दुरुस्तीच्या पावत्या आणि इंधनाचे हिशेब जपून ठेवावे व मूल्यमापकाच्या हातीं द्यावे. जें कागदावर दाखवितां येतें, तें त्यास विचारांत घेतां येतें.

आपल्याकडे भिंतीवरचें यंत्र घरमालक बहुधा जातांना उतरवून नेतो. त्यामुळें घराच्या किंमतींत तें क्वचितच धरलें जातें. तरी वरील नियम आपणांसही लागू आहे. यंत्र घेतांना प्रथम हें पाहावें कीं, घरांतील म्हाताऱ्यांस व लेंकरांस त्यानें सुख होईल काय. तें सुख हाच त्या खर्चाचा मोठा मोबदला. विक्रींत सर्व पैसा परत येईल अशा भरंवशावर ऋण काढूं नये. आणि मुलांनो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें मूल्यमापक झाला, तर विकणाऱ्याचा अभिमान व घेणाऱ्याची हांव हीं दोन्ही बाजूस ठेवून त्यानें आपला तराजू सरळ धरावा. त्याच्या एका आंकड्यावर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक अवलंबून असते.