हाडांवर तोललेली रायफल

50 मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. एक मीटर लांबीच्या रायफलीचं तोंड मागच्या टोकाच्या मानाने मिलिमीटरचा दहावा भाग जरी हललं, तरी तिकडे गोळी पाच मिलिमीटर सरकते आणि मध्यावर धरलेला नेम वर्तुळाच्या कडेला जातो. 50 मीटर रायफल प्रकारात रायफलीचं वजन आठ किलोपर्यंत असू शकतं. एवढं ओझं माणसाच्या हातात इतकं स्थिर राहतं, याचं बरंच श्रेय एका साध्या पट्ट्याला आहे आणि तो पट्टा रायफलीला जिथे अडकतो त्या छोट्याशा जोडणीला आहे.

पट्टा मुळात आला तो बंदूक खांद्याला लटकवण्यासाठी. पण सैनिकांच्या लवकरच लक्षात आलं, की तोच पट्टा दंडाला अडकवून ताणला तर नेम ठरतो. अमेरिकी लष्कराचा 1907 सालचा चामडी पट्टा तर या दोन्ही कामांसाठीच बेतलेला होता. त्याच्या दोन भागांना पितळी आकडे होते, ओळीने भोकं होती आणि दंडात अडकवायचा फास हवा तसा लहानमोठा करता येत असे. स्पर्धेतल्या नेमबाजांनी पुढे यातलं लटकवण्याचं काम काढून टाकलं आणि फक्त आधार ठेवला. आजच्या स्लिंगचं, म्हणजे या पट्ट्याचं, एक टोक डाव्या दंडाभोवती असतं आणि दुसरं रायफलीच्या पुढच्या भागाखाली.

प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरताना, डावं कोपर जमिनीवर टेकतं आणि रायफल तळव्यावर विसावते. तिच्या वजनाने कोपराचा कोन उघडू पाहतो. पट्टा नसेल तर तो कोन दंडाच्या स्नायूला आवळून धरावा लागतो. स्नायू थकतो, मग थरथरतो. स्लिंग ताणली की दंड, पुढचा हात आणि पट्टा मिळून एक बंद त्रिकोण तयार होतो. कोन उघडायला जागाच उरत नाही, भार हाडांवरून थेट जमिनीत उतरतो आणि स्नायू मोकळा राहतो. नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघा टेकून बसताना, कोपराखाली जमिनीऐवजी गुडघा असतो, एवढाच फरक. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने नेम धरताना, मात्र नियमाने स्लिंगला बंदी आहे.

आंतरराष्ट्रीय नियम या आधारालाही मर्यादा घालतात. पट्टा 40 मिलिमीटरपेक्षा रुंद नको. तो फक्त दंडावरून यावा, मनगटाच्या एकाच बाजूने जावा आणि ठरलेल्या जोडणीशिवाय रायफलीला कुठेही टेकू नये. प्रोनमध्ये पुढच्या हाताचा जमिनीशी किमान 30 अंशांचा कोन हवा.

पट्टा रायफलीला जिथे अडकतो ती जोडणी म्हणजे हँडस्टॉप. दस्त्याच्या पुढच्या भागाच्या तळाशी खाच असलेली धातूची रेल असते. तिच्यात हँडस्टॉप पुढेमागे सरकतो आणि स्क्रूने आवळला जातो. त्यावरच्या फिरत्या कडीत स्लिंग अडकते. हँडस्टॉप पुढे नेला की हात लांब होतो आणि रायफल खाली येते. मागे घेतला की ती वर चढते. प्रोन आणि नीलिंगच्या जागा वेगळ्या असतात, म्हणून अनुभवी नेमबाज रेलवरचे आकडे वहीत लिहून ठेवतात. लाकडी दस्ता स्वतः घडवणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ या रेलला द्यावा. ती नळीच्या बरोबर खाली, सरळ रेषेत बसली नाही तर ताणलेला पट्टा रायफलीला एका बाजूला कलंडवतो. लाकडात नुसते उथळ स्क्रू लावले तर रोजच्या ताणाने ते सैल होतात.

पण खरी कसोटी वेगळीच आहे: पट्ट्याचा ताण नळीपर्यंत पोहोचता कामा नये. गोळी सुटताना नळी कंप पावते. तो कंप प्रत्येक गोळीला सारखा असला, तर गोळ्याही एकाच जागी जातात. एम-16 घराण्यातल्या रायफलींमध्ये पुढची कडी नळीवर पक्क्या बसवलेल्या माशीच्या ठोकळ्याला होती. पट्टा घट्ट ओढला की नळी किंचित वाकायची आणि गोळ्या जागा सोडायच्या. यावर स्पर्धकांनी शोधलेला उपाय आता सर्वत्र रुळला आहे. नळीभोवती, तिला कुठेही न टेकणारं आवरण बसवायचं, त्याला फक्त मागे आधार द्यायचा आणि कडी त्या आवरणाला लावायची. ताण आवरण सोसतं, नळी मोकळी राहते. लाकडी दस्त्याच्या टार्गेट रायफलीतही नळी आणि लाकूड यांच्यात फट ठेवतात ती याचसाठी.

पट्ट्याची दुसरी अडचण शरीरातून येते. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. पट्टा नेमका तिच्यावर आला, तर हृदयाचा प्रत्येक ठोका नेमात दिसतो. म्हणून जाड जॅकेट घालतात, डाव्या हातात हातमोजा घालतात आणि पट्टा दंडावर वरखाली करून शांत जागा शोधतात. ती जागा प्रत्येक शरीरात निराळी असते.

हे शास्त्र कोल्हापूरकरांनी जगात गाजवलं आहे. 2010 मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत यांनी 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुण मिळवले, विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि विश्वविजेतेपद पटकावलं. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग) कांस्यपदक 451.4 गुणांवर जिंकलं. या प्रकारातलं हे भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्या अंतिम फेरीत आधी नीलिंग आणि मग प्रोनच्या पंधरा-पंधरा गोळ्या स्लिंगच्या आधाराने होत्या. त्यानंतर स्टँडिंगमध्ये पट्टा सोडून तेच स्थैर्य शरीरातून आणायचं होतं. हाडांवर भार कसा टाकायचा हे पट्ट्याने शिकवलेलं असतं, म्हणून पट्टा नसतानाही ते कामी येतं.

आपल्या रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींचं लक्ष आधी महागड्या रायफलीकडे आणि साइटकडे जातं. त्यांच्या प्रशिक्षकांना कळकळीने सांगावंसं वाटतं, की पहिले काही आठवडे स्लिंग आणि हँडस्टॉपला द्या. डोळे मिटून शरीर सैल सोडायला लावा, डोळे उघडल्यावर नेम कुठे गेला ते पाहा आणि तो जागेवर येईपर्यंत जोडणी सरकवा. दुसऱ्याच्या वहीतले आकडे इथे उपयोगाचे नाहीत. ज्याला आपल्या हाडांचं माप कळलं, त्याच्या हाती साधी रायफलही चांगला निकाल देते.