इंग्रजी विशेषणांची सोयरीक

शाळेत असताना मी माझ्या आजीवर इंग्रजीत एक निबंध लिहिला होता. आजी अंगाने बारीक होती, आणि ‘थिन’ हा शब्द फारच साधा वाटल्यामुळे मी कोश उघडून त्याच अर्थाखाली दिलेला ‘स्किनी’ हा शब्द मोठ्या हौसेने योजला. वही परत आली तेव्हा त्या शब्दावर लाल काट मारलेली नव्हती. आमच्या मास्तरांनी त्याच्याखाली पेन्सिलीने एक रेघ ओढून समासात मराठीत एवढेच लिहिले होते, ‘आजी हडकुळी?’ व्याकरण बिनचूक होते, कोशाचा दाखलाही माझ्या बाजूने होता, आणि तरीसुद्धा जिच्या मांडीवर मी वाढलो तिच्याविषयी मी काहीतरी अनुदार लिहून बसलो होतो, हे त्या दोन शब्दांनी मला कळले.

नाम वस्तूकडे बोट दाखविते. विशेषण मात्र त्या वस्तूविषयी बोलणाऱ्याच्या मनात काय आहे तेही बोलून जाते, आणि म्हणूनच परभाषेत विशेषण चुकले म्हणजे वाक्य शुद्ध राहूनही बोलणाऱ्याची नियत संशयास्पद ठरते.

‘थिन’ हा आपल्या कुळातला सर्वांत तटस्थ शब्द होय. तो माणसाला लागतो, तारेला लागतो, पाणी जास्त झालेल्या सुपाला लागतो आणि टाळू दिसू लागलेल्या केसांनाही लागतो. मराठीला याच कामासाठी बारीक, पातळ आणि विरळ असे वेगवेगळे शब्द लागतात. परंतु माणसाच्या अंगलटीची गोष्ट निघाली की इंग्रजीही तितकीच चोखंदळ होते. ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ, पाहणाऱ्याला आवडावा असा. ‘स्लेंडर’ म्हणजे शेलाटा, ज्यात बारीकपणापेक्षा डौल अधिक, आणि म्हणून जो मानेला, बोटांना, फुलाच्या देठालाही शोभतो. ‘लीन’ म्हणजे काटक, अंगावर मांस आहे पण चरबी नाही असा. ‘स्किनी’ म्हणजे आमच्या मास्तरांनी दाखविलेला हडकुळा किंवा लुकडा. आणि ‘गॉन्ट’ म्हणजे उपासाने, दुखण्याने किंवा शोकाने ज्याची गालफडे बसली आहेत असा खंगलेला माणूस. ‘गॉन्ट’ हा शब्द मला या सर्वांत थोर वाटतो, कारण तो शरीराचे वर्णन करता करता त्या शरीरावर काय गुजरले आहे त्याची हकीकतही सांगतो. हे अर्थ जन्मजात मात्र नव्हेत. ‘स्लिम’ हा शब्द सतराव्या शतकात डच भाषेकडून इंग्रजीत आला, आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘श्लिम’ याचा अर्थ आजही ‘वाईट’ असाच आहे; शिवाय इंग्रजीतसुद्धा हाच कौतुकाचा ‘स्लिम’ संधीला लागला, किंवा ‘स्लेंडर’ उत्पन्नाला लागला, म्हणजे कौतुक नाहीसे होऊन केवळ तुटपुंजेपणा उरतो.

एका अर्थाभोवती इतके शब्द जमले याचे कारण इंग्लंडच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि त्या मुलखावर फ्रेंच बोलणाऱ्यांचा अंमल बसला. दरबार आणि कारभार फ्रेंचमध्ये चालू लागला, धर्मपीठ आणि विद्वान यांच्याकडे लॅटिन होतीच, आणि शेतावर व चुलीपाशी जुनी इंग्रजी बोलली जात राहिली. पुढे हे तिन्ही प्रवाह एकत्र वाहू लागले तेव्हा पुष्कळ ठिकाणी जुना शब्द मेला नाही. नव्याने शेजारी येऊन बसलेल्या शब्दाशी त्याने कामाची वाटणी करून घेतली. मराठी वाचकाला हे समजावयास अडचण पडू नये, कारण म्हातारा, वृद्ध आणि बुजुर्ग हे तीन शब्द तो रोज वापरतो आणि कोणत्या ठिकाणी कोणता चालणार नाही हे त्याला न शिकविता कळते.

राजाविषयीची तीन विशेषणे या वाटणीचा उत्तम नमुना आहेत: ‘किंग्ली’ जुन्या इंग्रजीच्या घरचे, ‘रॉयल’ फ्रेंचकडून आलेले, ‘रीगल’ सरळ लॅटिनमधले. राजपदाशी अधिकाराने जे निगडित आहे, म्हणजे आरमार, राजघराणे, सनद, ते ‘रॉयल’. जे चालीत, बोलण्यात, मुद्रेत दिसते ते ‘रीगल’. आणि राजाला शोभेल असे औदार्य किंवा धैर्य ते ‘किंग्ली’. ज्या वृद्ध स्त्रीचा राजघराण्याशी काडीचाही संबंध नाही ती आपल्या बसण्या-उठण्याने ‘रीगल’ ठरू शकते, पण ‘रॉयल’ कधीही ठरणार नाही. आपणही मेजवानीला शाही म्हणतो आणि मुद्रेला राजस म्हणतो; ‘राजस मेजवानी’ कानाला खपत नाही.

याहून सूक्ष्म भेद असतो तो बोलणाऱ्याच्या पक्षपाताचा. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका नभोवाणी कार्यक्रमात दाखवून दिले होते की एकच हट्ट आपण स्वतःच्या ठिकाणी दृढता मानतो, समोरच्याच्या ठिकाणी दुराग्रह, आणि अनुपस्थित तिसऱ्याच्या ठिकाणी निव्वळ गाढवपणा. पैसा जपून खर्च करणाऱ्याचेही तेच. तो ‘थ्रिफ्टी’ म्हणजे काटकसरी असतो, ‘फ्रूगल’ म्हणजे मितव्ययी असतो, आणि त्याच्याशी आपले बिनसले की ‘स्टिंजी’ म्हणजे चिक्कू होतो. जमाखर्च तोच असतो, निवाडा तेवढा बदलतो. ‘थ्रिफ्टी’च्या मुळाशी भरभराटीचा अर्थ आहे, आणि ‘मायझर्ली’ म्हणजे कंजूष या शब्दाच्या मुळाशी ‘दीनवाणा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. साठविणारा सुखी की दुःखी, याचा निर्णय त्या शब्दांनी पूर्वीच करून ठेवला आहे.

पुरेसा निष्कलंक शब्द न सापडल्यास नवा घडविण्याचे धैर्य कवी मिल्टनने दाखविले. ‘सेन्शुअल’ या शब्दाला विषयासक्तीचा वास चिकटलेला होता, आणि इंद्रियांना जाणवणाऱ्या रूप-रस-गंधाविषयी त्याला निर्मळपणे बोलावयाचे होते, म्हणून सतराव्या शतकात त्याने ‘सेन्शुअस’ हा शब्द घडविला. मागे पडलेला तो शब्द एकोणिसाव्या शतकात कवी कोलरिजने पुन्हा प्रचारात आणला.

पीटर मार्क रॉजे या वैद्याने वयाच्या ७३ व्या वर्षी, १८५२ साली, आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला. एक हजार शीर्षकांखाली त्याने समानार्थी शब्द मांडले, आणि तरीही सर्व बाबतींत एकच अर्थ असलेले दोन शब्द मिळणे दुरापास्त आहे, हे त्यानेच नमूद करून ठेवले. त्याचा ग्रंथ ज्याला शब्द ठाऊक आहेत पण ऐन वेळी आठवत नाहीत त्याच्यासाठी आहे. ज्याला ते ठाऊकच नाहीत अशा विद्यार्थ्याच्या हाती तो पडला म्हणजे आजी हडकुळी होते.

मग भेद कळावा कसा? माझे अनुभवाअंती मत असे आहे की विशेषणाची पारख त्याच्या सोयरिकीवरून करावी. ‘नोटोरियस’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘सर्वज्ञात’ एवढाच होता. परंतु दीर्घकाळ चोर-दरोडेखोरांच्या नावांमागे उभा राहून तो बदनाम झाला, जसे आपण डॉक्टराला नामांकित म्हणतो आणि नामचीन हा शब्द गुंडासाठी राखून ठेवतो. ‘बिग सिस्टर’ म्हणजे थोरली बहीण. तिलाच ‘लार्ज’ म्हटले की ती धिप्पाड होते.

सोयरीक देशपरत्वेही बदलते, आणि तेथे फार जपावे लागते. आपल्या वर्तमानपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींत ‘होमली’ वधू हवी असते, म्हणजे घरात रमणारी, गृहकृत्यदक्ष. इंग्लंडमध्ये हा शब्द साध्या, सुखद, घरच्यासारख्या जागेला किंवा जेवणाला लागतो. अमेरिकेत तोच स्त्रीला लागला तर ती रूपाने अगदीच सामान्य आहे असा अर्थ होतो, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात वाढलेल्या मुलीने आपल्याच माहितीपत्रकात हा शब्द वाचला तर तिला वाईट वाटणे अगदी रास्त आहे.

ज्यांची मुले-नातवंडे इंग्रजी शिकत आहेत त्यांना माझी एवढीच विनंती आहे की शब्दार्थाच्या वहीत विशेषणासमोर लगेच मराठी अर्थ लिहू देऊ नये; ते ज्या नामाच्या सोबतीने भेटले ते नाम आधी लिहावयास लावावे, आणि वाचता वाचता तशी आणखी दोन-तीन नामे मिळेपर्यंत अर्थाची जागा कोरी ठेवावी.