होडी उजळताना

माणसाचे केस पिकतात तशी फायबरची होडीही पिकते, हे मला गेल्या आषाढापर्यंत ठाऊक नव्हते. मालवणात आमच्या बाबांची होडी वीस वर्षे ऊन खात उभी होती. तिला आम्ही ‘पांढरी’ म्हणायचो ते सवयीने. प्रत्यक्षात ती जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी पडली होती. हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी भुकटी लागे.

सत्तरीनंतर बाबांचे दर्यावर जाणे थांबले आणि होडी विकायचे ठरले. पहिले गिऱ्हाईक आले, होडीभोवती एक फेरी मारली आणि असा भाव सांगून गेले, की त्या रात्री बाबा धड जेवले नाहीत. मी सुटीवर मुंबईहून आलेलो. म्हटले, ‘‘बाबा, चार दिवसांत नवी करून दाखवतो.’’

वाटते तसा फायबरच्या होडीला वरून रंग दिलेला नसतो. होडी घडवताना साच्यात सर्वांत आधी रंगीत राळेचा थर देतात. त्याला जेलकोट म्हणतात. त्यावर काचतंतूंचे थर चढवतात. साच्यातून होडी निघते तेव्हा पहिला थर बाहेरच्या बाजूला येतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण ही राळ वरून झिजवतात, तिला बारीक छिद्रे पडतात आणि त्यांत मळ, धूर, गंज मुरतो. चमक परत आणायची म्हणजे वरचा मेलेला पापुद्रा काढून खालचा जिवंत थर उघडा करायचा.

होडी मांगरात घेतली. आधी साबणाच्या पाण्याने धुतली. हातमोजे घालून ऑक्झॅलिक आम्लाचे पाणी फिरवले आणि पुन्हा धुतले. निम्मे पिवळेपण तिथेच गेले. मग पाण्यात भिजवलेला ८०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासायला सुरुवात केली. त्यानंतर १००० आणि १५०० नंबर. आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्याने पुसायचे, एवढेच शास्त्र.

पण मला घाई. काठाशी एक डाग जाईना. मी ३२० नंबरचा कागद घेतला आणि जोर लावला. डाग गेला, आणि त्याच्या जागी काचेचे धागे दिसू लागले! बाबा मागे उभे होते. म्हणाले, ‘‘हळू रे. रंग नाय तो, तिची कातडी आसा.’’

मी शरमलो. उघड्या पडलेल्या धाग्यांतून पाणी आत शिरते आणि होडी आतून खराब होते. दुकानातून जेलकोट आणला, त्यात कठीण होण्याचे द्रावण मिसळून लावला आणि वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, कारण हवा लागली की तो वरून चिकट राहतो. दुसऱ्या दिवशी घासून सारखा केला. पण नवा पांढरा तो नवाच. जुन्या पांढऱ्यात तो ठिगळासारखा उठून दिसू लागला.

उरलेले काम बाबांच्या चालीने केले. कंपाउंड लावून पॉलिशचे यंत्र फिरवले, तेही एका जागी न थांबवता, कारण तापले की जेलकोट जळतो. शेवटी मेण. संध्याकाळी होडीच्या अंगात समोरच्या माडांचे प्रतिबिंब दिसले. बाबा बराच वेळ बघत राहिले.

नारळी पौर्णिमेच्या आधी दुसरे गिऱ्हाईक आले. तरुण होता, होडीवर खूश झाला. भाव ठरणार इतक्यात बाबांनी त्याचा हात धरून त्याला काठाशी नेले आणि ते ठिगळ दाखवले. म्हणाले, ‘‘हय कातडी गेली होती. झिलान भरल्यान हा. लक्ष ठेव.’’

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. भाव थोडा उतरला, पण व्यवहार झाला. जाताना बाबांनी उरलेला मेणाचा डबा त्या मुलाच्या हातात दिला. वर्षातून दोनदा लाव, सावलीत ठेव आणि घासायची वेळ आलीच तर कमी घास, असे पुन्हा पुन्हा बजावले.

होडी वळणाआड गेल्यावर बाबा घरात आले. त्या रात्री मात्र ते पोटभर जेवले.