‘हे खरं कशावरून?’ विचारणारी मुलं

भाजलेल्या बोटावर शेण लावलं की जखम बरी होते, असं मित्राने सांगितलं. त्यालाही ते कुणाकडून तरी कळलेलं. ऐकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने काय करायचं? युगांडातल्या पाचवीच्या मुलांसाठी तयार झालेल्या एका चित्रकथेत असेच प्रसंग येतात. जॉन आणि ज्युली ही त्यातली दोन मुलं असे दावे ऐकतात आणि हळूहळू ते पारखायला शिकतात. कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठातल्या संशोधकांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांबरोबर हे पुस्तक तयार केलं. अवयवांची नावं आणि जीवनसत्त्वांचे तक्ते पाठ करून घेणं हा त्याचा हेतूच नव्हता. एकाला गुण आला म्हणजे सगळ्यांना येईल का? औषध नवं आणि महाग आहे म्हणून ते चांगलं का? उपाय न केलेल्यांशी तुलना केल्याशिवाय तो लागू पडला असं कसं म्हणायचं? पुस्तकभर असे प्रश्न आहेत.

२०१६ मध्ये युगांडातल्या १२० प्राथमिक शाळांमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली. मुलं दहा हजारांहून जास्त. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळांचे दोन गट पाडले. एका गटात आठवड्याला ८० मिनिटांचा एक, असे नऊ पाठ झाले. दुसऱ्या गटात नेहमीचंच शिक्षण चाललं. मग दोन्ही गटांची परीक्षा घेतली. पहिल्या गटातली ६९ टक्के मुलं उत्तीर्ण झाली, दुसऱ्यातली २७ टक्के. या वयाची मुलं वैद्यकीय दावे तपासू शकतात का, ही शंका इथे बरीचशी मिटते.

त्याच सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या पालकांना हेच मुद्दे ध्वनिमुद्रित कार्यक्रमातून ऐकवले गेले. कार्यक्रम ऐकलेल्या पालकांपैकी ७१ टक्के उत्तीर्ण झाले, न ऐकलेल्यांपैकी ३८ टक्के. पण वर्षभराने पाहिलं तर पालकांना झालेला फायदा बराच ओसरलेला होता आणि मुलांचा टिकून होता.

आरोग्याची माहिती समजून, पारखून वापरण्याची ही कुवत म्हणजे ‘आरोग्य-साक्षरता’, आणि ही कल्पना मुळात शाळेशीच जोडलेली आहे. १९७४ मध्ये अमेरिकी अभ्यासक सायमंड्स यांनी ती मांडली, तेव्हा प्रत्येक इयत्तेसाठी तिचे किमान निकष असावेत, अशी त्यांची मागणी होती. पुढे या विषयावरचा बराच अभ्यास दवाखान्यात येणाऱ्या प्रौढ रुग्णांभोवती झाला आणि प्राथमिक शाळेतलं मूल मागे पडलं.

युगांडाच्या चाचणीतली आणखी एक गोष्ट महाराष्ट्राने नीट ऐकायला हवी. पाठांचा फायदा सगळ्या स्तरांतल्या मुलांना झाला, पण ज्यांना चांगलं वाचता येत होतं त्यांना जास्त झाला. पुस्तक इंग्रजीत होतं आणि त्या मुलांची घरची भाषा वेगळी होती. आपल्याकडे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं जेमतेम २३ टक्के होती. मेळघाटातलं कोरकू बोलणारं किंवा सातपुड्यातलं पावरी बोलणारं मूल परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला आहाराचा धडा वाचतं, तेव्हा त्याला आधी प्रमाण मराठीचा चढ चढावा लागतो. आरोग्यशिक्षणावरच्या चर्चांमध्ये हात धुण्याची प्रात्यक्षिकं आणि भित्तिपत्रकं भरपूर असतात, वाचनाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पहिली-दुसरीत मुलाला वाचतं करणारी शिक्षिका आरोग्याचंच मोठं काम करत असते.

दुसरी बाजू घराची. भाजल्यावर टूथपेस्ट लावणं, कावीळ ‘उतरवून’ घेणं, कांजिण्या आल्या की ‘बाया आल्या’ म्हणून दवाखाना टाळणं, हे मूल पुस्तकाच्या कितीतरी आधी शिकलेलं असतं, आणि तेही सगळ्यात जवळच्या माणसांकडून. भाजलेला भाग वीसेक मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली धरावा, हे त्याला शाळेत कळलं तरी आजीसमोर ते सांगायचं कसं? त्यासाठी माहितीइतकाच धीरही लागतो. आणि विचारलेल्या प्रश्नाचा अपमान मानणार नाहीत, अशी मोठी माणसं आजूबाजूला लागतात.

घर आणि शाळा यांच्यात विश्वास नसला तर काय होतं, ते मुंबईने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिलं. गोवंडीतल्या एका पालिका शाळेत लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटल्या होत्या. त्यानंतर काही दिवसांत एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. बातमी पसरली आणि घाबरलेल्या पालकांनी शेकडो मुलांना रुग्णालयात नेलं. गोळ्यांचा मृत्यूशी संबंध नसल्याचं पालिकेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पण तोवर भीती घरोघरी पोहोचली होती. त्या पालकांना दोष देणं सोपं आहे. पण मुलाच्या हातावर गोळी ठेवताना ती कशासाठी, हे त्याला आणि त्याच्या आईला कुणी समजावलं होतं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. गोळीची गरज खरी आहे, म्हणूनच ती समजावून देण्याची गरजही तितकीच आहे.

याच मुंबईत उलटा अनुभवही नोंदलेला आहे. मालाडजवळच्या मालवणी वस्तीत शाळकरी मुलांनाच कुटुंबातले आरोग्यदूत करण्याचा प्रयोग झाला. डॉ. व्ही. आर. भालेराव यांनी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. त्याआधी, १९७८ मध्ये, डेव्हिड मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ‘चाइल्ड टू चाइल्ड’ चळवळ सुरू केली होती. धाकट्या भावंडांना सांभाळणारी थोरली मुलंच आरोग्याची वाहक होऊ शकतात, हा तिचा पाया.

पण समजलेलं वापरायला साधनं लागतात. हात धुण्याच्या पायऱ्या तोंडपाठ असलेली मुलं उन्हाळ्यात नळ कोरडा पडलेल्या शाळेत काय करणार? स्वच्छतागृहात जाणं नको म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलीला पाण्याचं महत्त्व माहीत नसतं, असं थोडंच आहे? शाळेच्या फाटकाबाहेर पाच-दहा रुपयांची चटकदार पाकिटं लटकत असतात. शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं. पण त्याआधी कित्येक वर्षं जाहिरातींनी आयांना आणि मुलांना जे शिकवलं, ते एका आदेशाने पुसलं जाणार नाही. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून साखर किती ते शोधणं, हा चौथीच्या वर्गाचा उत्तम तास होऊ शकतो. त्यात भाषा आहे, गणित आहे आणि मुलांच्या रोजच्या खाऊचा प्रश्नही आहे.

नवा विषय किंवा नवं पुस्तक आणायची वाट पाहायलाही नको. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे जंतनाशक दिन शाळांना ओळखीचे आहेत. त्या दिवशी मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी चावून खायला देतात. आदल्या दिवशी वर्गात तीन प्रश्न घेता येतील: माझ्या पोटात जंत दिसले नाहीत तरी गोळी का? ती पुन्हा सहा महिन्यांनी का? नुसती गोळी खाऊन भागेल का? मग उत्तरं येतील. जंत असूनही बऱ्याचदा त्रास जाणवत नाही. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत जातात. तिथून न धुतलेल्या हातांवाटे आणि भाज्यांवाटे ती पुन्हा पोटात येतात, तर काही जंतांच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतूनही शिरतात. गोळी आज पोटात असलेले जंत काढते, मातीतल्या अंड्यांना ती काहीच करत नाही. एवढं कळलेलं मूल त्या संध्याकाळी घरी चप्पल, साबण आणि संडास या तिन्हींविषयी विचारू लागेल, आणि तेव्हा उत्तर देण्याची पाळी घरातल्या मोठ्यांची असेल.