वात वाढविण्यापूर्वी

कंदिलाचा उजेड मंद वाटू लागला म्हणजे घरातील जाणते माणूस एकदम वात वर करीत नाही. ते आधी काच उतरवून पुसते, वातीचे जळके टोक कातरून सारखे करते, तेल पाहते, आणि एवढे करूनही उणे भासले तरच वात किंचित वर सारते. ही शिस्त ज्याने सोडली त्याच्या पदरी उजेड पडत नाही, काळी झालेली काच मात्र पडते. दिव्यांच्या सणाच्या निमित्ताने आज आम्ही जो विषय वाचकांपुढे मांडीत आहोत, त्याचे मर्म या साध्या शिस्तीतच सामावले आहे. विषय आहे जुन्या घरगुती प्रोजेक्टरचा, आणि त्याचे पडद्यावरील चित्र अधिक उजळ कसे करावे याचा.

काही घरांच्या माळ्यावर अद्याप पत्र्याचे गोल डबे आहेत. त्यांत कोणाची मुंज असते, कोणाचे लग्न, कोणाच्या वाड्यातील गौरी-गणपती. भिंतीवरच्या छायाचित्रात पणजी नुसती दिसते. रिळात मात्र ती पदर सावरते, कोणाकडे तरी वळून हसते, आणि कॅमेऱ्याला लाजून तोंड फिरविते. सणाला सारे कुटुंब जमले की कोणाला तरी त्या डब्यांची आठवण होते. यंत्र खाली काढले जाते, चित्र सुरू होते, आणि नातवंडे विचारतात, 'एवढे अंधुक का? मोठा बल्ब लावा ना!' सूचना साहजिक आहे. परंतु ती तशीच अमलात आणली तर पणजीची ती एकुलती एक हालती आकृती कायमची गमावण्याचा संभव आहे. म्हणून थोडे विस्ताराने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

<b>पाऊण लाख पटींचे ओझे</b>

पडद्यावर चित्र फेकण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नव्हती. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांचे खेळ 'शांबरिक खरोलिका' या नावाने सुरू केले. शांबरी म्हणजे माया; नाव मोठे समर्पक होते. ही माया घराघरांत शिरली ती मात्र पुढे परदेशी यंत्रांतून. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ मध्ये साडेनऊ मिलिमीटर रुंदीची घरगुती फिल्म आणली. अमेरिकेच्या कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची, १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची आणि १९६५ मध्ये सुपर-८ ही फिल्म बाजारात आणली. अमेरिकेची बेल अँड हॉवेल, स्वित्झर्लंडची बोलेक्स, ऑस्ट्रियाची युमिग, जपानची एल्मो अशा कंपन्यांचे प्रोजेक्टर त्यासाठी निघाले.

प्रोजेक्टरला आपण प्रक्षेपक म्हणतो. प्र आणि क्षिप् मिळून अर्थ होतो, पुढे फेकणारा. आता या फेकण्याचे गणित पाहा. ८ मिलिमीटरच्या फिल्मवरील एका चित्राचा पडद्यावर जाणारा भाग सुमारे ४.४ मिलिमीटर रुंद व ३.३ मिलिमीटर उंच असतो. तांदळाचे दोन-तीन दाणे शेजारी ठेवले तर तो झाकून जाईल. तो चार फूट रुंद पडद्यावर पसरविला म्हणजे त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ पाऊण लाख पट होते. त्या इवल्या खिडकीतून जेवढा उजेड पार झाला, तेवढाच एवढ्या मोठ्या जागेत वाटला जातो. चित्र अंधुक दिसते याचे मूळ कारण हे आहे. सुपर-८ चे चित्र क्षेत्रफळाने सुमारे दीडपट मोठे असल्याने ते त्या मानाने उजळ दिसते.

<b>ज्याला पैसा पडत नाही ते आधी</b>

पहिला उपाय पडद्याचा. सहा फूट रुंद पडदा चार फुटांवर आणला तर क्षेत्रफळ सत्तावीस चौरस फुटांवरून बारा चौरस फुटांवर येते, म्हणजे तोच उजेड सव्वादोन पट दाट होतो. यंत्राचा एक खिळाही हलवावा लागत नाही. धुवट चादरीऐवजी चुन्यासारखा पांढराशुभ्र, सपाट पडदा घ्यावा. जुन्या काळी काचेचे बारीक मणी लावलेले पडदे मिळत. ते समोर बसणाऱ्यास अधिक उजेड देतात, बाजूच्या प्रेक्षकास मात्र कमी. खोली पुरती काळोखी करणे हा तर अर्धा विजय होय. देवघरातील मंद दिव्याचा उजेडही पडद्यावर येऊ देऊ नये, नाहीतर चित्रातील काळोख राखाडी होतो आणि सारे चित्र धुतल्यासारखे दिसते.

दुसरा उपाय स्वच्छतेचा. दिव्यामागील आरसा, दिव्यापुढील संग्राहक भिंगे, उष्णता अडविणारी काच आणि शेवटचे प्रक्षेपक भिंग, या सर्वांवर वर्षानुवर्षांची धूळ आणि मोटारीच्या तेलाचा पातळ थर बसलेला असतो. कोकणासारख्या दमट हवेत भिंगांच्या आत बुरशीही धरते. लेप नसलेल्या स्वच्छ काचेचा प्रत्येक पृष्ठभागसुद्धा सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो; असे सहा पृष्ठभाग ओलांडताना एक-पंचमांशाहून अधिक उजेड वाटेतच गळतो. त्यावर मळ चढला तर विचारावयास नको. यंत्राची वायर काढून, ते पूर्ण निवल्यावर, भिंगांच्या मऊ कापडाने हे सारे पुसावे. फार जुन्या यंत्रांत दिव्याच्या कोठीजवळ अ‍ॅसबेस्टॉसचे आवरण असू शकते. ते खरवडू नये, जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

<b>भिंग आणि शटर</b>

याउपर खर्चाचे उपाय येतात. भिंगावर एफ या अक्षरापुढे एक आकडा असतो. तो जितका लहान, तितके भिंग उजेड अधिक घेते, आणि हा फरक वर्गाच्या प्रमाणात पडतो. एफ १.६ च्या जागी एफ १.१ चे भिंग बसविले तर हिशेबाने उजेड दुपटीहून थोडा अधिक होतो. मात्र दिव्याकडून येणारा प्रकाशाचा शंकू त्या मोठ्या भिंगास भरून काढील एवढा रुंद असला पाहिजे. नसेल तर लाभ कमी पडतो.

शटरची गोष्ट अधिक नाजूक आहे. फिल्मचे एक चित्र जाऊन दुसरे जागेवर येत असता उजेड झाकावा लागतो. ते काम फिरत्या शटरचे एक पाते करते. उरलेली पाती केवळ लुकलुक लपविण्यासाठी असतात. सेकंदाला १८ चित्रे आणि तीन पाती म्हणजे ५४ वेळा उजेड होतो, आणि डोळ्यास तो अखंड भासतो. दोन पात्यांचे शटर बसविल्यास उजेड सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, पण १८ चित्रांच्या वेगात तो केवळ ३६ वेळा होतो आणि चित्र डोळ्यांपुढे थरथरते. सेकंदाला २४ चित्रांच्या बोलक्या रिळांना दोन पाती चालतात, कारण तेथे ४८ ची संख्या साधते. जुने मूक रीळ २४ च्या वेगाने चालविले तर लुकलुक कमी होईल, पण वरातीतील मंडळी धावू लागतील. शिवाय चित्र जितके उजळ तितकी लुकलुक डोळ्यास अधिक जाणवते, हा दृष्टीचा धर्मच आहे.

तीन पात्यांतील एक कापून टाकण्याचा मोह काहींना होतो. तसे केल्यास उरलेली दोन पाती समोरासमोर येत नाहीत, उजेडाची लय बिघडते. आणि चुकून चित्र झाकणारेच पाते कापले गेले तर प्रत्येक उजळ वस्तूला उभ्या रेघा फुटतात. दोन पाती समोरासमोर असलेले नवे शटरच करून घ्यावे, आणि जुने डब्यात जपून ठेवावे.

<b>मग दिव्याची पाळी</b>

जुन्या अमेरिकी यंत्रांत घरच्या विजेवर चालणारे ५०० किंवा ७५० वॅटचे दिवे असत. त्यांची तार लांब आणि पसरट असल्याने उजेडाचा मोठा भाग इवल्या खिडकीच्या बाहेरच सांडे, आणि उष्णता मात्र खोली तापवी. पुढे १२ व्होल्टचे १०० वॅटचे हॅलोजन दिवे आले. त्यांची तार आखूड व गच्च असते, आणि दिव्यालाच जोडलेला आरसा उजेड नेमका खिडकीवर आणतो; उष्णतेचे किरण मात्र त्याच्या लेपातून मागे निघून जातात. यातील धडा असा की एकूण उजेड किती, यापेक्षा तो किती लहान जागेतून निघतो याला अधिक महत्त्व आहे. तारेचे प्रतिबिंब खिडकीस भरून सांडत असेल तर आणखी मोठी तार लावून पडद्यावर विशेष काही पडत नाही.

हौशी लोक १०० वॅटच्या जागी १५ व्होल्टचा १५० वॅटचा दिवा बसवितात. बैठक सारखी असल्याने तो बसतोही. परंतु मूळ ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टच देत असेल तर तो नवा दिवा आपल्या उजेडाच्या निम्म्याहूनही कमी उजेड देतो, आणि तोही पिवळट. नवा ट्रान्सफॉर्मर लावला तर सुमारे ८ अँपिअरच्या ठिकाणी १० अँपिअरचा प्रवाह वाहतो. वायर, बैठक आणि पंखा यांना तो झेपला पाहिजे. जुन्याच दिव्याला दाब वाढवून देणे हा तर आतबट्ट्याचा व्यवहार होय. पाच टक्के दाब वाढविला तर उजेड सहाव्या हिश्श्याने वाढतो, पण दिव्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. अमेरिकेतून आलेले ११० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावू नये, हे वेगळे सांगावयास नकोच. एल्मोच्या जीएस-१२०० या यंत्रास कारखान्यातूनच २४ व्होल्टचा २०० वॅटचा दिवा येत असे, पण त्याचा पंखा आणि कोठी त्या उष्णतेच्या हिशेबानेच घडविलेली होती.

अलीकडे कित्येक जण एलईडी बसवितात. तिची उष्णता फिल्मवर फारच थोडी पडते, हा मोठा गुण आहे. पण बाजारातील रुंद चकतीची शंभर वॅटची एलईडी येथे निरुपयोगी. लहान जागेतून दाट उजेड देणारी निवडावी, तिच्यापुढे योग्य संग्राहक भिंग लावावे, आणि मागे उष्णता वाहून नेणारे धातूचे पंखे असावेत. वीज स्थिर हवी, कारण स्पंदनाने उजेड कमी-जास्त करणारे यंत्र शटरशी झगडते आणि पडद्यावर पट्टे फिरू लागतात. स्वस्त एलईडीत निळा रंग अधिक व लाल उणा असतो; तिच्या उजेडात शालूचा लाल आणि कपाळीचे कुंकू फिके पडते. रंग खरे दाखविणारी एलईडी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.

<b>ज्यासाठी हा खटाटोप</b>

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दिवा पुन्हा मिळेल, भिंग मिळेल, यंत्रही मिळेल. घरगुती रीळ बहुधा एकच असते. कॅमेऱ्यात फिरलेली तीच फिल्म धुऊन परत येत असे, तिची दुसरी प्रत नसे. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १६ मिलिमीटरसाठी १९३५ मध्ये व ८ मिलिमीटरसाठी १९३६ मध्ये निघाली, आणि तिचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. काळोखात ठेवली तर तिचे रंग अनेक दशके टवटवीत राहतात. तीव्र उजेडात वारंवार दाखविली तर मात्र ते इतर काही फिल्मांहूनही लवकर उडतात. म्हणजे ज्या उजेडाने पणजी दिसते, तोच उजेड दर खेपेस तिचा थोडा रंग घेऊन जातो. अ‍ॅसिटेटच्या फिल्मला जुनेपणी शिरक्यासारखा आंबूस वास येतो, ती आकसते, ठिसूळ होते. अशी फिल्म यंत्रात अडकली आणि वरून दिवा थोर केलेला असला की पापणी लवेपर्यंत चित्राच्या मध्यभागी भोक पडते.

म्हणून क्रम असा ठेवावा. रीळ प्रथम हाताने फिरवून पाहावे, वास घ्यावा, तुटलेली भोके तपासावीत. वास येत असेल तर ते यंत्रावर मुळीच चढवू नये. धड असलेल्या रिळाचीही आधी संगणकावर प्रत करून घ्यावी, आणि वरचेवर पाहावयाचे ते प्रतीवरच पाहावे. यंत्रात केलेला प्रत्येक बदल प्रथम निरुपयोगी तुकड्यावर अर्धा तास चालवून पारखावा, आणि मगच घरचे रीळ वर्षातून एखादे वेळी, सारे जमले असता, लावावे.

या सणाला ते लावणार असाल तर पडदा चार फुटांचाच ठेवा, दारे-खिडक्या नीट झाका, आणि घरातील वडीलधाऱ्यांना अगदी मध्यभागी, यंत्राच्या रेषेत बसवा. तेथूनच चित्र सर्वांत उजळ दिसते. पडद्यावरील प्रत्येक चेहऱ्याचे नाव सांगू शकणारे आता तेच उरले आहेत. रीळ संपून खोलीतला दिवा लागला की त्यांनी सांगितलेली नावे त्याच बैठकीत कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद रिळाच्या डब्याजवळ ठेवा.